एका टोकनामागे पाच अब्ज बाइट

घरच्या कॉम्प्युटरवर भाषेचं मॉडेल चालवायला निघालेल्या माणसाला दुकानदार ग्राफिक्स कार्डाचा वेग सांगतो, पंखे दाखवतो, रंगीत दिवे लावून दाखवतो. एक गणित मात्र कुणी सांगत नाही. मेटाचं लामा ३.१ हे ८ अब्ज पॅरामीटरांचं मॉडेल घ्या. घरगुती वापरासाठी दाबून लहान केलेली त्याची फाइल ४.९ जीबीची असते, म्हणजे सुमारे पाच अब्ज बाइट. त्याला विचारलं, 'कांदेपोह्यांत शेंगदाणे आधी तळून घ्यावेत की फोडणीतच टाकावेत?' तर उत्तर तुकड्यातुकड्याने येतं. हा तुकडा पूर्ण शब्द असेलच असं नाही, बरेचदा शब्दाचा भाग असतो. त्याला टोकन म्हणतात. प्रत्येक टोकन पडद्यावर उमटण्याआधी कार्ड ती जवळजवळ अख्खी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतं. पुढच्या टोकनासाठी पुन्हा पहिल्यापासून. आत्ताच तर वाचली होती, मग परत कशाला? कारण आकडेमोड करणाऱ्या चिपच्या पोटात एवढं धरून ठेवायला जागाच नसते. आरटीएक्स ४०९० या तगड्या कार्डाच्या चिपवर अशी जवळची जागा ७२ एमबी आहे. पाच हजार एमबीची फाइल तिथे कशी मावणार?

पाचशे टोकनांचं उत्तर म्हणजे कार्डाने २,४५० जीबी वाचले. हा आकडा नुसता डोळ्यांसमोर आणता येत नाही, म्हणून एक माप घेऊ. ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. एका ओवीत काना-मात्रा-वेलांट्या धरून ऐसपैस शंभर खुणा मोजल्या आणि देवनागरीतली प्रत्येक खूण कॉम्प्युटरमध्ये ३ बाइट घेते हे लक्षात ठेवलं, तर अख्खी ज्ञानेश्वरी २७ लाख बाइटांत बसते. म्हणजे २.७ एमबी, मोबाइलवरच्या एका फोटोएवढी. त्या मापाने शेंगदाण्यांच्या उत्तरासाठी कार्डाने नऊ लाखांहून जास्त ज्ञानेश्वऱ्या चाळल्या. आरटीएक्स ३०६० सारख्या साध्या कार्डावर, जिथे मेमरीतून सेकंदाला ३६० जीबी वाहू शकतात, हे काम कागदावर सात सेकंदांत उरकतं. प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ लागतो, पण पोह्यांचं पाणी निथळेपर्यंत उत्तर हजर असतं.

आता या सात सेकंदांत कार्ड नेमकं काय करत असतं? बहुतेक वेळ वाट बघत असतं. एका टोकनासाठी प्रत्येक पॅरामीटरमागे एक गुणाकार आणि एक बेरीज, म्हणजे १६ अब्ज क्रिया कराव्या लागतात. साध्या ३०६० ऐवजी तगडं ४०९० घेतलं, तर ते अशा क्रिया सेकंदाला सुमारे १६५ लाख कोटी करू शकतं. तेव्हा हे गणित त्याला सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात सुटतं. पण ती ४.९ जीबीची फाइल मेमरीतून चिपपर्यंत यायला सेकंदाचे जवळजवळ पाच सहस्रांश लागतात. पन्नास क्षणांतला एक क्षण काम, एकोणपन्नास क्षण खोळंबा. लाखालाखाची यंत्रं घराघरांत एवढी रिकामी बसून असतात, हे मला तरी या सगळ्या प्रकारातलं सर्वांत चक्रावून टाकणारं सत्य वाटतं.

आकडेमोडीच्या वेगाने काय मजल मारली ते पाहायला पुण्यात जाऊ. अमेरिकेने सुपरकॉम्प्युटर देताना हात आखडला, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्याचा कमाल वेग सांगितला जातो तो एक गिगाफ्लॉपचा, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी क्रिया. देशाच्या अभिमानाचा विषय असलेल्या त्या यंत्राला पूर्ण वेगाने पळवलं असतं, तरी लामाचं एक टोकन काढायला १६ सेकंद लागले असते, तेही मेमरीची अडचण शून्य धरून. पाचशे टोकनांना सव्वादोन तास. (अशा तुलनेत दोन यंत्रांच्या गणिताची बारीकी वेगळी असते, हे सांगायला हवं. बंगळुरूच्या आयआयएस्सीत २०२२ पासून असलेला परम प्रवेग ३.३ पेटाफ्लॉपचा आहे. आरटीएक्स ५०९० चा ३२ बिटांच्या गणितातला वेग पाहून 'बत्तीस कार्डं लावली की परम प्रवेग झाला' असं कुणी म्हणालं, तर त्याला थांबवा. शास्त्रज्ञांना लागणाऱ्या ६४ बिटांच्या अचूक गणितात घरगुती कार्डाचा वेग चौसष्टपटींनी खाली येतो, आणि मग बत्तिसाऐवजी दोन हजार कार्डं लागतात.)

मेमरीची वाट मात्र वेगळ्या चालीने चालली. एनव्हिडियाचं पहिलं जीफोर्स कार्ड, जीफोर्स २५६, १९९९ मध्ये आलं. त्यावर ३२ एमबी मेमरी होती. २०२५ च्या जानेवारीत आलेल्या आरटीएक्स ५०९० वर ३२ जीबी आहे. सव्वापंचवीस वर्षांत बरोबर १,०२४ पट. मेमरी वाहण्याचा वेग सेकंदाला २.७ जीबीवरून १,७९२ जीबीवर गेला, म्हणजे साडेसहाशे पटींच्या पुढे. हे आकडे एरवी टाळ्या घेतील, पण आकडेमोड याच काळात याहून कितीतरी पुढे पळाली. विल्यम वुल्फ आणि सॅली मकी या दोघांनी १९९५ मध्येच या वाढत्या अंतराला 'मेमरी वॉल' म्हटलं होतं. तेव्हा ती भिंत संशोधकांच्या अडचणीची होती. आता ती बंगळुरूच्या कोरमंगलातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहे.

त्या मेमरीत असतं काय, तेही बघण्यासारखं आहे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६८ मध्ये पेटंट मिळवलेली रचनाच आजही चालते: एक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा इवलासा साठा करणारा एक कपॅसिटर. साठा आहे तर १, नाही तर ०. २४ जीबीच्या कार्डावर असे २०,६१६ कोटी कपॅसिटर असतात. भारतातल्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला सुमारे १४०. आणि प्रत्येक गळका. थोड्या वेळात त्यातली वीज झिरपून जाते, म्हणून मेमरीला सेकंदातून कित्येक वेळा सगळे साठे वाचून पुन्हा भरावे लागतात. तुम्ही काही विचारा न विचारा, कार्ड चालू आहे तोवर ही भरणी चालूच.

बंगळुरूत ही कार्डं घ्यायची म्हणजे एसपी रोड. सदर पत्रप्पा रस्ता. टाउन हॉलपासून चालत जाण्याएवढा, केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेल्या आणि पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आलेल्या जुन्या पेठेला लागून. एनव्हिडियाचं मोठं अभियांत्रिकी केंद्र याच शहरात आहे, चिप आखणारी माणसं इथेच आउटर रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली असतात, आणि तीच चिप लावलेलं कार्ड विकत घ्यायला गिऱ्हाईक पेठेतल्या बोळात शिरतं. पूर्वी पहिला प्रश्न असायचा, कुठला गेम खेळणार. आता दुकानदार विचारतो, 'एआय के लिए चाहिए क्या सर?' आणि हो म्हटलं की वेगाबद्दल एक अक्षर न बोलता सरळ जीबी सांगायला लागतो. वापरलेल्या कार्डांचा व्यापार तर निव्वळ जीबीवर चालतो. २०२० सालचं ३०९०, वयाने म्हातारं, पण २४ जीबीचं, म्हणून त्याचा मान टिकून आहे. फक्त ते क्रिप्टो मायनिंगमध्ये दिवसरात्र राबलेलं नाही ना, हे ओळखणं ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग.

पुण्याहून माझा भाचा फोनवर विचारत होता, "मामा, ३०७० घेऊ की ३०६०? ३०७० भारी आहे ना?" खेळायला भारी आहे, यात वाद नाही. पण इथे एक गंमत आहे. ३०६० वर १२ जीबी मेमरी, त्याहून महाग ३०६० टीआय आणि ३०७० वर ८, आणि त्यांच्याही वरच्या ३०८० च्या मूळ आवृत्तीवर १०. वरच्या पायरीवर चढलं की घर लहान मिळतं. कारण सरळ आहे. चिप आणि मेमरी यांच्यामधला रस्ता ३२-३२ बिटांच्या पट्ट्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक पट्टीला सहसा एक मेमरी चिप जोडतात. ३०६० ला १९२ बिट, म्हणजे सहा पट्ट्या. १ जीबीच्या चिप लावल्या तर ६ जीबी होतात, २ जीबीच्या लावल्या तर १२. मधलं काही जमत नाही. २०२१ मध्ये ६ जीबी म्हणजे बाजारात नाक कापून घेणं, म्हणून कंपनीने १२ दिले. ३०७० ला आठ पट्ट्या, तिथे १ जीबीच्या चिप लावून ८ वर भागवलं. ३०९० ला बारा पट्ट्या, आणि त्या पिढीची वेगवान मेमरी चिप १ जीबीचीच मिळत होती, म्हणून कार्डाच्या दोन्ही अंगांना मिळून चोवीस चिप ठोकल्या. तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसलेल्या कामासाठी ही जुळणी आज सोन्याची ठरली आहे. भाच्याला म्हटलं, "अरे, ३०६० घे. आणि पक्कं बिल घे."

बारा जीबीत काय मावतं, हा पुढचा प्रश्न. मॉडेलचा प्रत्येक पॅरामीटर मुळात १६ बिटांचा, म्हणजे २ बाइटांचा असतो. म्हणून ८ अब्जांचं मॉडेल १६ जीबी मागतं, ७० अब्जांचं १४०, आणि लामा ३.१ चं सर्वांत मोठं ४०५ अब्जांचं ८१० जीबी. तेवढं घरात कुणाकडेच नसतं. उपाय म्हणजे क्वांटायझेशन. १६ बिटांत ६५,५३६ वेगवेगळ्या किमती लिहिता येतात, ४ बिटांत फक्त १६. रुपयाच्या पासष्ट हजार बारीक वाटण्या करून चाललेला हिशोब एकदम सोळा आण्यांवर आणायचा, आणि तरीही दुकान चालतं! मॉडेलला याने फारसं काही होत नाही, हे या क्षेत्रातलं मोठं आश्चर्य आहे. उत्तरं किंचित खरबरीत होतात, पण अक्कल जात नाही. मार्च २०२३ मध्ये गिओर्गी गेर्गानोव्ह या बल्गेरियन प्रोग्रामरने लामा.सीपीपी हा प्रोग्राम लिहिला आणि ही युक्ती साध्या लॅपटॉपवर आणून ठेवली. मग कंपन्याही त्याच वाटेला लागल्या. गूगलने २०२५ मध्ये जेम्मा ३ चं २७ अब्जांचं मॉडेल ४ बिटांसाठी खास तयार करून दिलं, तेव्हा त्याची मागणी ५४ जीबीवरून १४.१ वर आली. बारा अब्जांचं २४ वरून ६.६ वर. म्हणजे भाच्याच्या कार्डावर आरामात.

आणि नाही मावलं तर? इथे लोक फसतात. मॉडेल थोडंसंच मोठं असेल तर थोडंसंच हळू चालेल, असा समज असतो. प्रत्यक्षात कडा आहे, उतार नाही. कार्डात न मावलेला भाग कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये जातो. दोन पट्ट्यांची डीडीआर४ रॅम सेकंदाला जेमतेम ५१ जीबी देते, ३०६० च्या मेमरीच्या एक सप्तमांश. दाबलेलं ७० अब्जांचं मॉडेल ४२.५ जीबीचं, ते सगळंच रॅममधून वाचायचं तर सेकंदाला एखादं टोकन पडतं. रॅमही अपुरी पडून एसएसडीवरून वाचायची पाळी आली, तर सेकंदाला ७ जीबी देणारी चांगली एसएसडी धरूनही एका टोकनाला सहा सेकंद. पाचशे टोकनांच्या उत्तराला पन्नास मिनिटं. परम ८००० ची थट्टा करायला नको.

काही जणांना तरीही सगळ्यात मोठंच हवं असतं. डीपसीकच्या आर१ मॉडेलने २०२५ च्या जानेवारीत खळबळ उडवली, ते ६७१ अब्ज पॅरामीटरांचं आहे, आणि मूळ रूपात पॅरामीटरमागे एक बाइट. २४ जीबीची अठ्ठावीस कार्डं म्हणजे ६७२ जीबी. मॉडेल शिरलं, पण श्वास घ्यायला एक जीबी उरला. ४०९० ची अठ्ठावीस कार्डं ४५० वॉटच्या दराने १२.६ किलोवॉट खातील, आणि घरच्या जोडणीचा मंजूर भार सहसा त्याच्या निम्माही नसतो. या मॉडेलची खुबी अशी की एका टोकनाला ६७१ पैकी ३७ अब्जच पॅरामीटर वाचावे लागतात. जागा सगळ्यांना हवी, वाहतूक थोड्यांची. म्हणून ॲपलच्या ५१२ जीबी मेमरीच्या मॅक स्टुडिओवर त्याची ४ बिटांची आवृत्ती बोलण्याच्या वेगाने चालते. एका सामान्य चारचाकीची किंमत मोजून टेबलावर ठेवलेला तो डबा पाहिला की मला तरी तो घरगुती म्हणवत नाही.

विजेचा मुद्दा बंगळुरूत जरा वेगळा आहे. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०२३ पासून महिन्याला २०० युनिटपर्यंतची घरगुती वीज मोफत आहे. ४५० वॉटचं एकच कार्ड पूर्ण भाराने अखंड चाललं तर साडेअठरा दिवसांत २०० युनिट एकटंच संपवतं. आणि मर्यादा ओलांडली की फक्त वरच्या युनिटांचे नव्हे, सगळ्याच युनिटांचे पैसे भरावे लागतात. अर्थात बोलण्यापुरतं वापरणाऱ्याचं कार्ड दिवसातून अर्धा-पाऊण तासच तापतं. ही चिंता त्यांची, जे रात्रभर हजारो कागद मॉडेलला वाचायला लावून झोपी जातात.

मेमरी एवढी मोलाची असेल तर कंपन्या भरभरून का देत नाहीत? तांत्रिक कारणं आहेत, पण सगळी तांत्रिक नाहीत. ५०९० ची भारतातली जाहीर किंमत २,१४,००० रुपये होती, मेमरी ३२ जीबी. त्याच्याच घराण्यातली, त्याच जातीची चिप एनव्हिडियाने आरटीएक्स प्रो ६००० या कार्डावर ९६ जीबी लावून विकली, आणि अमेरिकेत त्याचा भाव ५०९० च्या मूळ भावाच्या चौपट. मेमरीचा वाहण्याचा वेग दोन्हीकडे तेवढाच. तिप्पट जागेला चौपट पैसे मोजायची ज्यांची ऐपत आहे, त्यांच्याकडून ते घ्यायचे आणि घरगुती गिऱ्हाइकाला हातचं राखून द्यायचं, हा व्यापार आहे. मला तो समजतो, पटत नाही. त्यात २०२५ च्या अखेरीस साध्या रॅमचेही भाव भडकले, कारण जगातली जवळजवळ सगळी अशी गळकी मेमरी (डीरॅम) बनवणाऱ्या तीन कंपन्या, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, डेटा सेंटरच्या मेमरीकडे वळल्या. डिसेंबरात मायक्रॉनने 'क्रुशल' हा आपला ग्राहकांसाठीचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर करून टाकलं.

इथवरचा हिशोब इंग्रजीत विचारणाऱ्यालाही लागू आहे. मराठीत विचारलं की त्यावर अधिभार बसतो. 'विद्यार्थ्यांना' हा साधा शब्द घ्या. व्यंजनं, हलन्त, काना, वेलांटी, अनुस्वार सुटे मोजले तर कॉम्प्युटरच्या लेखी त्यात १५ खुणा आहेत, ४५ बाइट. त्याच लांबीचं इंग्रजीतलं काही लिहिलं तर १५ बाइट. मॉडेलजवळ शब्दांच्या तुकड्यांची एक ठरलेली यादी असते, आणि ती यादी प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावरून बनवलेली असली तर इंग्रजी शब्द तीत बहुधा अख्खेच सापडतात, मराठी शब्दांचे मात्र बारीक तुकडे करावे लागतात. २०२४ च्या मेमध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ आणलं, तेव्हा एकाच मजकुराची वेगवेगळ्या भाषांतली टोकनसंख्या छापली होती. जुन्या यादीत इंग्रजीला २७ टोकन लागत होती, मराठीला ९६. नव्या यादीत इंग्रजीला २४ आणि मराठीला ३३. साडेतीनपट दंड होता, तो दीडपटीच्या आत आला. चिपमध्ये काहीही न बदलता, नुसती यादी एक लाखावरून दोन लाखांवर नेऊन.

प्रत्येक टोकनामागे अख्खं मॉडेल वाचायचं असतं, हे एकदा ध्यानात आलं की या आकड्यांची धार कळते. तेच उत्तर, तेच कार्ड, तेच मॉडेल. पण मराठी शब्दाचे चार तुकडे होत असतील आणि इंग्रजीचा सव्वा-दीड, तर मराठी वाचकाला जवळजवळ तिप्पट थांबावं लागतं, आणि त्याची तिप्पट वीज जळते. पाचशे मराठी शब्दांचं उत्तर म्हणजे दोन हजार टोकन, जवळजवळ दहा हजार जीबी वाचन. सत्तावीस-अठ्ठावीस सेकंद. तोवर पोहे भिजून लगदा.

यादी मोठी केली की झालं, असं वाटेल, पण यादीलाही जागा लागते. जेम्मा ३ च्या यादीत २ लाख ६२ हजार तुकडे आहेत. त्याचं सर्वांत लहान मॉडेल १ अब्ज पॅरामीटरांचं, आणि त्यातले ३० कोटी २० लाख पॅरामीटर निव्वळ त्या यादीत खर्ची पडतात. घर लहान आणि शब्दकोश मोठा, अशी ही कुचंबणा. २७ अब्जांच्या मोठ्या भावाला तोच शब्दकोश एकूण जागेच्या जेमतेम वीस भागांत एक भाग पडतो. म्हणजे स्वस्त कार्डावर लहान मॉडेल चालवणाऱ्यालाच भारतीय भाषेचा भार जास्त जाणवतो.

याच दुखण्यावर बंगळुरूतच एक औषध तयार झालं. विवेक राघवन आणि प्रत्युष कुमार यांनी २०२३ मध्ये स्थापन केलेल्या सर्वम एआय कंपनीने २०२४ च्या ऑक्टोबरात सर्वम-१ हे २ अब्ज पॅरामीटरांचं मॉडेल खुलं केलं. त्याची यादी मराठीसह दहा भारतीय भाषा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली. कंपनीने म्हटलं होतं की इतर मॉडेलांना भारतीय भाषांत शब्दामागे ४ ते ८ टोकन लागतात, तिथे याला १.४ ते २.१ पुरतात. शिकवायला भारतीय भाषांतला २ लाख कोटी टोकनांचा मजकूर. (पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२२ मध्ये मराठीच्या साठ्यात महाकॉर्पसची मोठी भर घातली, ती २८.९ कोटी टोकनांची होती. मोजणीची रीत वेगळी असली तरी अंतर लक्षात यावं.) शिकवणी झाली ती पनवेलला डेटा सेंटर असलेल्या योट्टा कंपनीच्या 'शक्ती' क्लस्टरवर, १,०२४ जीपीयू, म्हणजे डेटा सेंटरची ग्राफिक्स कार्डं, पाच दिवस लावून. एकाच जीपीयूवर हे करायचं म्हटलं तर चौदा वर्षं लागली असती. पुढे २०२५ मध्ये सरकारच्या इंडियाएआय मिशनने देशी मॉडेल घडवण्यासाठी याच कंपनीला ४,०९६ एच१०० जीपीयू देऊ केले. एकेकाची मेमरी ८० जीबी. सगळ्यांची मिळून ३,२७,६८० जीबी. एसपी रोडवरची २४ जीबीची साडेतेरा हजार कार्डं. आणि त्याआधीच्या १,०२४ जीपीयूंच्या पसाऱ्यातून निघालेलं सर्वम-१ मात्र भाच्याच्या १२ जीबीत न दाबताही मावतं.

मावतं म्हणजे मॉडेल मावतं. संभाषणालाही जागा लागते, हे शेवटचं आणि सर्वांत विसरलं जाणारं खातं. आधी काय बोलणं झालं ते मॉडेल प्रत्येक टोकनागणिक टिपून ठेवतं. लामा ३.१ च्या ८ अब्जांच्या मॉडेलमध्ये या टिपणाला टोकनामागे १२८ केबी लागतात: ३२ थर, प्रत्येक थरात ८ जोड्या, जोडीतल्या प्रत्येकाचे १२८ आकडे, आकड्याला २ बाइट. तुमचे चार शब्द साठवायला ज्ञानेश्वरीच्या मोजणीने शंभर बाइट पुरले असते. मॉडेलला त्यांना समजून घ्यायला दोन एमबी लागतात, वीस हजार पट.

भाच्याने कार्ड घेतलं आणि लगेच आजोबांच्या कपाटातली एक जाडजूड कादंबरी स्कॅन करून मॉडेलला द्यायची ठरवली. पात्रांची वंशावळ काढून घ्यायची म्हणे. लाखभर शब्दांची कादंबरी. मराठी शब्दामागे चार टोकन धरली तर चार लाख टोकन, आणि टिपणाला ५२ जीबी. कार्डावर मॉडेल ठेवून आणि किरकोळ खर्च वजा जाता उरतात साडेसहा. शिवाय ते मॉडेल एका वेळी १,३१,०७२ टोकनांपलीकडे पाहूच शकत नाही. साडेसहा जीबीत मावतात सुमारे बारा हजार मराठी शब्द, आणि तेवढ्यातच इंग्रजी असती तर पस्तीस हजार. मी त्याला सांगितलं, एका वेळी एक प्रकरण दे, त्यातली नावं आणि नाती कागदावर उतरवून घे, आधीचं संभाषण पुसून टाक आणि मग पुढचं प्रकरण. "मग मामा, वंशावळ मीच काढली ना?" तो म्हणाला. अर्धी तरी तूच काढलीस. पण टिपणं ८ बिटांवर आणायची सोय आहे, ती लावलीस तर एका वेळी चोवीस हजार शब्द जातील.